स्वस्तातली ठासणीची बंदूक? आधी गज टाका!

पिशोरला आमच्या मक्यात रानडुकरं शिरली आणि बाबांनी फोनवर विचारलं, "जुनी ठासणीची बंदूक स्वस्तात मिळतेय, घेऊ का?"

म्हटलं, किंमत नंतर. आधी नळीत गज टाका, तोंडाशी खूण करा. मग तोच गज बाहेरून लावून बघा. बुडापर्यंत पोचत नसेल तर आत जुना बार असू शकतो. हात लावू नका, जाणकाराला बोलवा.

दस्त्याच्या चकाकीला भुलू नका. काळ्या दारूची काजळी ओल धरते, नळी आतून गंजते. अशी नळी फुटली तर हात जातो.

१९५९ च्या शस्त्र कायद्यात पीकरक्षणासाठी परवान्याची सोय आहे. पण डुक्कर मारायला वनखात्याची परवानगी वेगळी लागते!