गेटवरच निकाल लागतो

(युवकांच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण)



मी मॅट्रिक झालेला माणूस. दिवसा गोदीत माल उचलतो, रात्री कविता लिहितो. कॉलेजावर बोलायला हा कशाला, असं मघाशी मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं. म्हणू दे. गेटच्या आत गेलेला माणूस गेट विसरतो. बाहेर राहिलेल्याला त्याचा एकेक गज ठाऊक असतो. मी गेटावरच बोलणार आहे.

विषय आहे अमेरिकेतल्या छोट्या खासगी कॉलेजांचा. तिकडं त्यांना लिबरल आर्ट्स कॉलेज म्हणतात. हजार-दोन हजार पोरं. तिथंच राहायचं, तिथंच जेवायचं. साहित्य, इतिहास, गणित, रसायन, तत्त्वज्ञान, चित्रकला, सगळ्याची चव घ्यायची आणि मग एका विषयात खोल उतरायचं. वर्ग लहान, मास्तर पोराला नावानं ओळखतो. च्यायला, असं शिक्षण कुणाला नको? पोटापुरतं शिकायचं आपण आणि विचार करायची चैन वरच्यांनी करायची, ही वाटणी आपल्याला मान्य नाही. म्हणून माझं भांडण त्या शिक्षणाशी नाही. ते कुणाच्या वाट्याला येतं, त्याच्याशी आहे.

आणि लांबची गोष्ट म्हणून कान झाकू नका. गेल्या पंधरा-वीस वर्षांत आपल्या देशातही हाच नमुना घेऊन खासगी विद्यापीठं उभी राहिली. फी लाखांत. माहितीपुस्तक गुळगुळीत. पुढच्या पानावर हसरी पोरं, मागच्या पानावर यादी: आमचा अमुक परदेशात शिकतोय, आमचा तमुक मोठ्या कंपनीत लागला. ही यादी दाखवून ते म्हणतात, बघा आमची गुणवत्ता!

यादी कशी वाचायची ते गोदीत शिकायला मिळतं. आमच्याकडं मालाची मोजणी एकदाच करून भागत नाही. जहाजातून उतरताना टॅली होते, शेडमधून बाहेर पडताना पुन्हा होते. मधे किती फुटलं, किती भिजलं, किती गहाळ झालं, ते दोन आकडे शेजारी ठेवले की कळतं. नुसता बाहेर पडलेला आकडा दाखवून कुणी हिशेब मिटवायला लागला तर आमचा अडाण्यातला अडाणी गडीसुद्धा हसेल. पण कॉलेजं नेमकं तेच करतात. बाहेर कोण पडलं ते छापतात. आत कोण घेतलं, कुठल्या घरातून घेतलं, अर्ध्यावर कोण गळालं, ते छापत नाहीत.

अमेरिकेत ही दुसरी टॅली झाली. २०१७ साली राज चेट्टी आणि त्यांच्या जोडीच्या अर्थशास्त्रज्ञांनी लाखो विद्यार्थ्यांच्या आयकराच्या नोंदी लावून बघितल्या. आईबापाची कमाई किती होती, पोरगं कुठल्या कॉलेजात गेलं, पुढं ते स्वतः किती कमवायला लागलं. त्यातून दोन गोष्टी बाहेर आल्या. दोन्ही पाठ करून ठेवा.

पहिली. ३८ कॉलेजं अशी निघाली की तिथं देशातल्या सगळ्यांत श्रीमंत १ टक्का घरांतली पोरं, खालच्या ६० टक्के घरांतल्या सगळ्या पोरांपेक्षा जास्त होती. एका बाजूला शंभरातलं एक घर. दुसऱ्या बाजूला शंभरातली साठ घरं. आणि पारडं एका घराकडं झुकलेलं. या यादीत येलसारखी बडी विद्यापीठं आहेत, तशीच कोल्बी, मिडलबरी, केनियन ही छोटी लिबरल आर्ट्स कॉलेजंही आहेत.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. एकाच कॉलेजात शिकलेल्या गरीब आणि श्रीमंत पोरांची पुढची कमाई बघितली, तर ती जवळजवळ सारखीच निघाली. म्हणजे झोपडीतलं पोरगं आणि बंगल्यातलं पोरगं एकाच बाकावर बसलं, तर बाकावरून उठल्यावर दोघांत फारसं अंतर उरत नाही. ‘गरिबाला आत घेतलं तर त्याला झेपत नाही, दर्जा घसरतो’ हे जे तुम्ही-आम्ही जन्मापासून ऐकतोय, त्याचं काय झालं? झेपतं, राजे हो. ज्याला आत घेतलं त्याला झेपतं. फरक पडतो तो आत घ्यायच्या वेळी. निकाल परीक्षेनंतर लागतो असं आपण समजतो. तो गेटवरच लागलेला असतो.

मग कुणी म्हणेल, खासगी कॉलेज आहे, पैसा लागतो, गेट असंच असणार. तर आता उलट्या गेटाची गोष्ट सांगतो.

केंटकी राज्यात बेरिया नावाचं गाव आहे. तिथं १८५५ साली जॉन फी नावाच्या माणसानं शाळा काढली. हा फी गुलामांच्या मालकाचा पोरगा, पण गुलामगिरीचा कट्टर वैरी. त्याला जमीन दिली कॅशियस क्ले नावाच्या गुलामगिरीविरोधी जमीनदारानं. आपला मुहंमद अली जन्मला तेव्हा ज्या नावानं ओळखला गेला, ते नाव त्याच्या बापाकडून आलेलं, आणि बापाला ते याच जमीनदारावरून दिलेलं. १८५९ साली जॉन ब्राऊननं गुलाम मुक्त करायला हत्यार उचललं. तेव्हा पिसाळलेल्या मालक लोकांनी हत्यारं घेऊन बेरियाच्या शिक्षकांना गाव सोडायला लावलं. यादवी युद्धानंतर ते परत आले. १८६६ साली शाळा पुन्हा भरली, त्या वर्षाचा पट १८७. त्यात ९६ काळे, ९१ गोरे. कालचा गुलाम आणि गोऱ्याचं पोर, पुरुष आणि बाई, एका वर्गात. गुलामगिरी कायद्यानं संपून जेमतेम वर्ष झालं होतं.

बेरियात १८९२ पासून शिकवणीची फी नाही. आजही नाही. प्रवेशाची अट काय? घरची परिस्थिती गरिबीची पाहिजे. बापाकडं पैसा जास्त असेल तर पोराला गेटवरूनच परत पाठवतात! दुसरी अट, प्रत्येकानं काम करायचं. आठवड्याला किमान १० तास. कुणी झाडू बनवतो, कुणी मागावर विणतो, कुणी शेतात, कुणी ऑफिसात. कामाची मजुरी मिळते आणि कामाचा शेरा गुणपत्रिकेसारखा वेगळा लिहून मिळतो. हाताला घट्टे पडलेला आणि पुस्तक वाचणारा एकच माणूस असू शकतो, हे आपल्याकडच्या शास्त्रानं दोन हजार वर्षं नाकारलं. तिथं ते कॉलेजच्या नियमात लिहिलंय.

आता या गेटातून कोण बाहेर पडलं? कार्टर वुडसन. जन्म १८७५. आईबाप पूर्वीचे गुलाम. पोटासाठी कोळशाच्या खाणीत राबला. हायस्कुलात गेला तेव्हा विशीत होता. १९०३ साली बेरियाचा पदवीधर झाला. १९१२ साली हार्वर्डचा डॉक्टर. आणि १९२६ साली त्यानं काळ्यांच्या इतिहासाचा सप्ताह सुरू केला. आज अमेरिकेत फेब्रुवारी महिनाभर जो काळ्यांचा इतिहास साजरा होतो, त्याचं मूळ ते. खाणीतल्या त्या पोराला विसाव्या वर्षी कुठल्या ‘मेरिट’च्या तराजूत बसवलं असतं? वजन भरलं असतं का त्याचं?

पण वुडसनची पदवी १९०३ ची आहे हे ध्यानात ठेवा. एकच वर्ष उशीर झाला असता तर? १९०४ साली केंटकीच्या विधिमंडळानं डे कायदा केला. काळ्या-गोऱ्यांना एकत्र शिकवणं गुन्हा ठरला. राज्यात असं एकत्र शिकवणारं कॉलेज बेरियाच, म्हणजे कायदा एका कॉलेजासाठी. बेरियाला १,००० डॉलर दंड झाला. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. १९०८ साली कोर्टानं कायदा उचलून धरला. न्यायमूर्ती हार्लन यांनी विरोधी मत नोंदवलं, पण मतानं गेट उघडत नाही. काळी पोरं बाहेर गेली. त्यांच्यासाठी १९१२ साली लिंकन इन्स्टिट्यूट नावाची वेगळी संस्था निघाली. बेरियाचं गेट काळ्यांना पुन्हा उघडलं ते कायदा बदलल्यावर, १९५० साली. मधल्या ४६ वर्षांत किती वुडसन खाणीतच गाडले गेले, त्याची टॅली कुणी ठेवली?

आणि बेरियाला देव करायचं कारण नाही. कायदा यायच्या आधीच, १८९२ पासून तिथल्या अध्यक्षांनी डोंगरातल्या गरीब गोऱ्यांकडं जास्त लक्ष वळवलं आणि काळ्यांचा वाटा उतरत गेला. फी माफ आहे तीही हवेतून नाही. देणग्यांचा पैसा १९२० पासून साठवत साठवत अब्ज डॉलरच्या वर गेला, तो भांडवली बाजारात फिरतो, त्याच्या उत्पन्नावर गरिबाचं शिक्षण चालतं. आपल्याला यातून एवढंच घ्यायचंय: ‘खासगी आहे म्हणून गरीब परवडत नाही’ हे खोटं आहे. परवडवायचं ठरवलं की परवडतं. तेवढाच पैसा असणारी दुसरी कॉलेजं आहेत. ती ठरवत नाहीत.

चांगल्या मनाच्या भरवशावर राहिलं की काय होतं, त्याचाही दाखला देतो. मॅसॅच्युसेट्समधलं अ‍ॅमहर्स्ट कॉलेज. १८२१ चं. छोटं, जुनं, श्रीमंत. १९१५ साली चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन तिथून पहिल्या मानकऱ्यांत येऊन पदवीधर झाला. त्या वर्गात तो एकटाच काळा. पुढं वकील झाला, थर्गूड मार्शलसारखे वकील घडवले. आणि १९५४ साली ज्या ब्राऊन खटल्यानं शाळांतली काळ्या-गोऱ्यांची फाळणी बेकायदा ठरली, त्याची कायद्याची वाट यानंच आखली होती. एक माणूस आत गेला आणि अख्ख्या देशाच्या शाळांची गेटं हलली. म्हणूनच तर गेटवर एवढा पहारा असतो!

अ‍ॅमहर्स्टनं पुढं बरीच सुधारणा केली. माजी विद्यार्थ्यांच्या पोरांना मिळणारी खास सवलत २०२१ साली बंद केली. पण अमेरिकेत आपल्यासारखं राखीव जागांचं कलम नाही. १९७८ सालीच तिथल्या सुप्रीम कोर्टानं राखीव जागांना मनाई केली आणि वंशाचा विचार प्रवेशात फक्त ‘एक मुद्दा’ म्हणून करायला मोकळीक ठेवली. जून २०२३ मध्ये तीही काढून घेतली. परिणाम? २०२४ साली अ‍ॅमहर्स्टच्या पहिल्या वर्षात काळी पोरं ११ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आली. कॉलेज तेच, मास्तर तेच, पैसा तोच. काळ्यांची बुद्धी एका उन्हाळ्यात आटली काय? गेटाचा नियम बदलला, एवढंच.

आता आपल्या गेटाकडं या.

१८८२ साली जोतीराव फुल्यांनी हंटर कमिशनपुढं सरकारला सुनावलं होतं की कष्टकऱ्यांच्या घामाचा पैसा वरच्यांच्या उच्च शिक्षणावर उधळला जातोय. बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज आणि १९५० साली औरंगाबादेत मिलिंद. सिद्धार्थचे वर्ग सकाळी भरायचे, कारण पोरांना नंतर नोकरीवर जायचं असायचं. हीही खासगी संस्थाच होती ना? पण तिचं घड्याळ कामगाराच्या पाळीवर लावलेलं होतं. मिलिंदच्या आवारातून लिहिणारी, बोलणारी पिढी बाहेर पडली. तिथलेच प्राचार्य म. ना. वानखेडे अमेरिकेत शिकून आले आणि काळ्यांच्या साहित्याची ओळख त्यांनी आपल्या पोरांना करून दिली. असा निकाल कुठल्या पगाराच्या यादीत मावतो?

कायद्याचंही ऐकून ठेवा. २००५ साली इनामदार खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की सरकारी मदत न घेणाऱ्या खासगी कॉलेजांवर सरकारला राखीव जागा लादता येणार नाहीत. त्यावर संसदेनं ९३ वी घटनादुरुस्ती केली. कलम १५(५) आलं. अल्पसंख्याकांच्या संस्था सोडून बाकी खासगी संस्थांत राखीव जागा ठेवायला घटनेनं परवानगी दिली. २०१४ साली सुप्रीम कोर्टानंही ती मान्य केली. म्हणजे दार आहे, बिजागरी आहे, कुलूपही काढलंय. पण देशभरच्या खासगी कॉलेजांना आणि विद्यापीठांना बांधणारा केंद्राचा कायदा अजून झालेला नाही. दार ढकलायला कुणी नाही.

गोदीतही एके काळी टोळीवाला माणसं निवडायचा. ज्याच्यावर त्याची मर्जी, त्याची चूल पेटायची. बाकीचे हात हलवत घरी. टोळीवाल्याचं मन वितळेल म्हणून आमचे बाप थांबले नाहीत. लढले, संघटना बांधली. १९४८ साली कायदा झाला, पुढं नोंदणी आली, पाळी आली. शिष्यवृत्ती देणारा शेठ हाही टोळीवालाच. चांगला असेल, वाईट असेल. निवडीचा हात त्याचाच राहतो.

म्हणून मागणी साधी आहे. प्रत्येक खासगी कॉलेजाला, विद्यापीठाला तीन आकडे विचारा. आत कोण आलं, जातीनं आणि घरच्या कमाईनं. अर्ध्यावर कोण गळालं आणि कशानं. बाहेर पडल्यावर कोण कुठं पोचलं. तिन्ही आकडे एकाच पानावर छापा म्हणावं. एक जरी लपवला तर बाकीचे दोन खोटे समजायचे. अर्ज करा, माहिती मागा, सभेत विचारा, आपल्या अंकात छापा. आणि कायदा करा, हे दिल्लीला सांगत राहा.

तुमच्यातले जे आत आहेत, त्यांनी शिष्यवृत्तीला भीक समजून मान खाली घालू नये. चेट्टींचा आकडा खिशात ठेवा. जे अर्ध्यावर गळाले, त्यांनी स्वतःला नापास म्हणायच्या आधी फी, भाडं, रेल्वेचा पास आणि वर्गातली टिंगल यांचा हिशेब मांडावा. आणि जे माझ्यासारखे बाहेरच राहिले, त्यांनी गेटपाशी उभं राहून मोजायचं काम करावं. मोजणी आपल्याला येते. आयुष्यभर दुसऱ्याचा माल मोजला. आता आपली माणसं मोजू.