कामाच्या ठिकाणी सख्यांचा आधार



पेढीच्या वहीत स्त्रीच्या श्रमाची मजुरी लिहिली जाते. तिच्या मनावरील भाराचे खाते मात्र कोणत्याही वहीत नसते. हा भार हलका करणारे एक साधन स्त्रियांनी स्वतःच घडविले आहे. ते म्हणजे कामाच्या ठिकाणचा सख्यांचा गट.

सावंतवाडीच्या घराघरांना परिचित असे उदाहरण मुंबईच्या गिरणगावातील आहे. कोकणातून असंख्य तरुण गिरण्यांत गेले. कुटुंब गावी, बिऱ्हाड चाळीत आणि जेवण खाणावळवालीकडे. ही अन्नदात्री मात्र आपल्या चुलीपाशी एकटी होती. खाणाऱ्यांचे पैसे पगारानंतर मिळत. तोपर्यंत वाण्याची उधारी आणि सावकाराचे व्याज तिच्या माथी असे. सन १९७५ मध्ये गोवा मुक्तिसंग्रामात भाग घेतलेल्या प्रेमाताई पुरव यांनी अशा स्त्रियांना एकत्र आणून ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ उभारले. गटाच्या बळावर बँकेचे कर्ज मिळू लागले. कर्जाइतकाच मोलाचा लाभ मनाला झाला. एकटीला जी स्वतःची नामुष्की वाटते, ती शेजारणीचीही आहे असे कळले की लाज ओसरते आणि मार्ग शोधण्याचे धैर्य येते. प्रेमाताईंना २००२ मध्ये पद्मश्री प्राप्त झाली.

१५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात भगिनींनी ऐंशी रुपये उसने घेऊन आरंभिलेला लिज्जत पापडाचा उद्योगही याच जातीचा. पापड घरी लाटावयाचे. परंतु भिजविलेले पीठ नेण्यास व पापड देण्यास केंद्रावर यावयाचे. या येण्याजाण्यातच विचारपूस होते.

या अनुभवास शास्त्राचाही दुजोरा आहे. शेजारच्या गोव्यातील ‘संगाथ’ संस्थेने, नैराश्याने ग्रासलेल्या गर्भवतींना धीर देण्यासाठी त्यांच्याच परिसरातील सामान्य स्त्रियांना प्रशिक्षण दिले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत या सोबतीचा माफक, पण निश्चित लाभ दिसून आला.

आपल्या भागातील काजू कारखान्यांत, दुकानांत व कार्यालयांत स्त्रिया दिवसभर शेजारी-शेजारी काम करतात. पण शेजारी बसणे म्हणजे सोबत नव्हे. त्यासाठी निवांत वेळ लागतो, बसण्यास जागा लागते आणि ऐकलेली गोष्ट बाहेर न नेण्याचा संयम लागतो. तो संयम सुटला, तर तोच गट एखादीला अधिक एकाकी करतो. सततची निद्रानाशाची तक्रार किंवा जीव नकोसा झाल्याची भाषा ऐकू आली, तर सख्यांनी तिला वैद्याकडे न्यावे. शासनाची ‘टेलिमानस’ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर ऑक्टोबर २०२२ पासून उपलब्ध आहे.

व्यापारी बंधूंनी एवढेच करावे : मधल्या सुट्टीतील या गप्पांना वेळेचा अपव्यय समजू नये. जेथे स्त्रीला आपले दुःख बोलण्यास जागा मिळते, तेथे तिचे मन टिकते. आणि मन टिकले, तर घर व पेढी दोन्ही टिकतात.

जय जिनेंद्र!