पगार नसलेल्यांचा पगार



आज बोलायचं आहे ते ठरलेल्या तारखेला ज्यांचा पगार होत नाही त्यांच्याशी. उदाहरण मुद्दाम नव्या कामाचं घेते. व्हिडिओ गेममधला नायक ज्या किल्ल्यातून, गल्लीतून, जंगलातून धावतो ती जागा कुणीतरी संगणकावर उभारलेली असते. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 2020 साली आलेला ‘राजी’ हा खेळ काहींनी पाहिला असेल. त्यातल्या वास्तू राजस्थानच्या किल्ले-महालांवरून सुचलेल्या आहेत. अशा जागा उभारणारे कितीतरी कलाकार नोकरीत नसतात. इंदूर, बडोदे, हैदराबादला घरी बसून ते एकेका स्टुडिओचं काम घेतात. रात्रभर संगणकासमोर बसलेला मुलगा पाहून घरच्यांना वाटतं, खेळतोय. तो खेळत नसतो, किल्ल्याच्या भिंतीवर शेवाळ चढवत असतो.

समजा, अशा कलाकाराला वर्षभरात 4,80,000 रुपये मिळाले. महिन्याची सरासरी 40,000. पण मे महिन्यात एकदम 1,20,000 आले आणि पुढचे तीन महिने कोरडे गेले. मेच्या भरात त्याने नवं ग्राफिक्स कार्ड हप्त्यावर घेतलं. ऑगस्टमध्ये खात्यात पैसे नाहीत म्हणून हप्ता परत गेला. त्याचं शुल्क लागलंच, शिवाय थकलेल्या हप्त्याची नोंद क्रेडिट अहवालात गेली. कमाई कमी होती का? मुळीच नाही. ती ज्या महिन्यात आली त्याच महिन्यात संपली, एवढंच.

म्हणून दोन खाती ठेवा. कामाचे पैसे येतात ते एक, घर चालतं ते दुसरं. कामाचं खातं बचत असावं की चालू, हे आपल्या शाखेत विचारून घ्या. दर महिन्याच्या 1 तारखेला पहिल्या खात्यातून दुसऱ्यात ठरलेली रक्कम आपोआप जाईल अशी स्थायी सूचना द्या. हाच आपला पगार.

तो किती असावा? 40,000 नव्हे. आधी वीज, इंटरनेट, संगणकाची दुरुस्ती यांचे 6,000 बाजूला काढा. ब्लेंडरसारखं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, यंत्र मिळत नाही. उरलेल्या 34,000 पैकी 25,000 पगार घ्या. दरमहा 9,000 शिल्लक धरली तर वर्षाअखेरीस 1,08,000 होतात, म्हणजे चार महिन्यांच्या पगाराहून थोडे जास्त. सुरुवात मात्र भरल्या महिन्यात करा. कोरड्या महिन्यात सूचना दिली तर पहिल्याच तारखेला ती फसेल.

ही शिल्लक एकाच मुदत ठेवीत अडकवू नका. एक लाखाची एक ठेव करण्यापेक्षा 20,000 च्या पाच करा. गरज पडली तर एकच मोडावी लागेल, बाकी चारांचं व्याज चालू राहील. आवर्ती ठेव मी अशा कमाईला सहसा सुचवत नाही, कारण तिचा हप्ता दरमहा हवाच. पीपीएफ वर्षाला 500 रुपयांपासून दीड लाखापर्यंत, हाती येतील तेव्हा भरता येतो. पण तो 15 वर्षांचा मामला आहे, अडीअडचणीचा गल्ला नव्हे.

आता मुळाकडे येऊ. पैसे उशिरा का येतात? बऱ्याचदा काम देतानाच ते कधी मिळणार हे ठरलेलं नसतं. या कामाचे टप्पे स्वच्छ असतात. आधी साध्या करड्या ठोकळ्यांनी जागा मांडायची, त्याला ब्लॉकआउट म्हणतात. मग भिंती, खांब, झाडं घडवायची. शेवटी रंग-पोत आणि उजेड. पैसेही त्याच टप्प्यांना बांधा: 30 टक्के आगाऊ, 40 टक्के ब्लॉकआउट मंजूर झाल्यावर, 30 टक्के शेवटी. दाखवायला चित्रं पाठवा, मूळ फाइली शेवटचा हप्ता जमा झाल्यावरच द्या. हे सगळं ईमेलवर लिहून घ्या. ओळखीचा माणूस असला तरी!

परदेशातून पैसे येत असतील तर बिलावरचं नाव आणि खात्यावरचं नाव एकच असू द्या. बँक पर्पज कोड विचारते, तो कामाप्रमाणे बरोबर सांगा आणि पैसे आल्याचा दाखला जपून ठेवा. मधल्या बँकेचं शुल्क कोण सोसणार तेही आधीच ठरवा, नाहीतर बिलापेक्षा कमी रक्कम जमा होते.

भारतीय स्टुडिओने टीडीएस कापला असेल आणि आपल्याला कर लागत नसेल, तरी विवरणपत्र भरा. त्याशिवाय कापलेले पैसे परत मिळत नाहीत. पुढे कर्ज मागायला आलात तर आम्ही पगारपत्रकाच्या जागी हीच विवरणपत्रं पाहतो.

आणि काम देण्याआधी ‘अनामत भरा’ म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. फसवणूक झालीच तर ताबडतोब 1930 वर फोन करा, मग शाखेत या.

पगार ठरवायला मदत हवी असेल तर गेल्या बारा महिन्यांच्या नोंदी भरलेलं पासबुक घेऊन या. दुपारी दोननंतर गर्दी कमी असते, बसून आकडे मांडता येतील.