देव केव्हा भेटतो?

(मंडळाच्या वर्धापनदिनी मुलुंड येथे केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी हा विषय मला दिला, तेव्हा मी म्हटले, अहो, हा कीर्तनकारांचा विषय. मी सातवी शिकलेली बाई, मी काय बोलणार? त्या म्हणाल्या, पाहिलेत तेवढे सांगा. म्हणून गाडगे महाराजांपासून सुरुवात करते. शाळा त्यांनाही लाभली नव्हती.

महाराजांचे नाव डेबूजी. 1876 साली अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी परिटाच्या घरी त्यांचा जन्म झाला. 1905 साली त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्या, जवळ एक फुटके गाडगे. गावात शिरले की आधी खराटा घेऊन रस्ते झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे. पंढरपूरला लोक दर्शनाच्या रांगेत उभे असत, तेव्हा महाराज यात्रेची घाण काढीत असत. आपल्या उपनगरातल्या बांद्र्याला 8 नोव्हेंबर 1956 रोजी त्यांनी कीर्तन केले आणि पुढच्याच महिन्यात, 20 डिसेंबरला, देह ठेवला. त्या कीर्तनाचे ध्वनिमुद्रण झाले, म्हणून तो आवाज आज आपल्याला ऐकता येतो. माझ्या मुलाने मला मोबाईलवर लावून दिला.

कीर्तनात ते लोकांनाच प्रश्न विचारीत. देवाला आंघोळ कोण घालतो, धोतर कोण नेसवतो, नैवेद्य कुत्र्याने खाऊ नये म्हणून राखण कोण करतो? हे ऐकताना मला थोडा रागच आला, खोटे कशाला सांगू! आमच्या देवघरात रोज निरांजन लागते आणि पुढेही लागेल. पण महाराजांचा रोख कशावर होता, ते मला दादरला कळले.

सातारा जिल्ह्यातून माझी भावजय उपचारासाठी परळच्या टाटा रुग्णालयात आली होती. आमची एकच खोली. त्यातून दुखणाईत माणसाने मुलुंडहून रोज गर्दीच्या गाडीने जायचे कसे? तेव्हा दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत तिची सोय झाली. मी रोज दुपारी डबा घेऊन जात असे. तिला घास उतरत नसे. डबा तसाच परत यायचा. एकदा भिंतीकडे तोंड करून ती म्हणाली, "वन्सं, देव आहे का हो?" मी तिच्या केसांवरून हात फिरवीत राहिले. केस तरी कुठले, उरले होते ते. उत्तर मजजवळ नव्हते.

आमच्या शेजारी मराठवाड्याकडचा एक शेतकरी आपल्या बायकोला घेऊन राहिला होता. चार महिने त्याने तिची सेवा केली. एका सकाळी ती रुग्णालयातच गेली. सामान नेण्यासाठी तो परत आला, तेव्हा मी तिथेच होते. कुणाशी काही बोलला नाही. आपली वळकटी बांधली, मग कोपऱ्यातला झाडू घेऊन त्या दोघांची जागा स्वच्छ झाडून काढली. नंतर आमच्याकडे येऊन आपला थर्मास आणि सात-आठ लिंबे भावजयीपुढे ठेवली. म्हणाला, "ताई, लिंबाच्या पाण्याने तिला बरं वाटायचं. तुम्ही घ्या. थर्मास गरम राहतो अजून." आणि गेला.

भावजय बराच वेळ त्या लिंबांकडे पाहत बसली. मग म्हणाली, "वन्सं, आज डब्यात काय आणलंय?" मुगाची पातळ खिचडी होती. चार घास तिने खाल्ले. दोन दिवसांनी मी गेले, तर ही बाई शेजारच्या नव्या मुलीला लिंबूपाणी पाजीत होती. स्वतःचा हात थरथरत होता, पण पाजीत होती.

त्या माणसाचे नाव मला ठाऊक नाही. त्याला मी देव म्हणत नाही. तो बिचारा दुःखाने पिचलेला माणूस होता. पण त्या दोन मिनिटांत तिथे कुणीतरी आले होते, असे मला वाटले. भावजयीलाही तसेच वाटले. आम्ही त्यावर पुष्कळ बोललो आहोत. ती आता गावी असते, तपासणीला येते. बरी झाली असे डॉक्टर अजून म्हणत नाहीत. तिचा थर्मास मात्र तिने आणलाच नाही मागारी. त्या मुलीला दिला.

आपल्यापैकी दोघीजणी आता बुधवारी माझ्याबरोबर दादरला येतात. ओळखीच्या चार रुग्णांना डबे नेतो. आणखी कुणाला यायचे असेल, तर साडेअकराला स्टेशनच्या जिन्यापाशी यावे. खिचडीत तिखट घालू नये, आणि डब्याचे झाकण घट्ट बसणारे असावे, गाडीत सांडते.