आवाज आपला, नावही आपलं

 तेलगाव, धारूर, माजलगाव भागातल्या सगळ्या बचत गटांतल्या बायांनो, आज आम्ही गाण्याबद्दल बोलणार आहोत. ओवी कशी म्हणायची, ते तुम्हाला शिकवायची आमची काय छाती! आज बोलायचं आहे ते मशीनवर बनणाऱ्या गाण्याबद्दल, कारण तुमची ओवी आता त्या मशीनच्या दारात येऊन उभी आहे.

वरातीत डीजेवर वाजणारं गाणं तुम्ही ऐकताच. त्यात ढोल घुमतो, पण बरेचदा तो कुणी वाजवलेलाच नसतो. संगीतकार कॉम्प्युटरपुढे बसतो, ठोक्यांचा एक छोटा तुकडा तयार करतो आणि तोच गोल गोल फिरवत ठेवतो, जातं फिरावं तसा. त्याला म्हणतात लूप. त्यावर तो सूर चढवतो. मग कुणाचा तरी आवाज घेतो, त्यातला हवा तेवढा भाग कापतो, ताणतो, आखडतो आणि ठोक्यावर बसवतो. या कापून घेतलेल्या तुकड्याला सॅम्पल म्हणतात. असं एकच गाणं सुटं काढलं, की झालं सिंगल.

हे सगळं काल-परवाचं आहे असं वाटतं ना? तसं नाही. १९८२ साली मुंबईत चरणजितसिंग नावाच्या वादकानं हे करून दाखवलं होतं. हिंदी सिनेमाच्या गाण्यांत गिटार आणि कीबोर्ड वाजवणारा हा माणूस. त्यानं रोलंड या जपानी कंपनीची तीन यंत्रं वापरली. एक सूर देणारं, एक खर्जात घुमणारं, एक ताल देणारं. त्या तालाच्या यंत्रात ना लाकूड, ना चामडं. नुसत्या विजेच्या खेळातून ठोका निघायचा. त्यावर त्यांनी भैरवी, ललत, तोडी, यमन, मालकंस असे दहा राग वाजवले आणि एचएमव्हीनं त्याची तबकडी काढली. ती फारशी खपली नाही. लोक विसरून गेले. पुढे पाच वर्षांनी अमेरिकेतल्या शिकागोच्या पोरांनी त्यातल्याच खर्जाच्या यंत्रावर नवं नाचाचं संगीत काढलं आणि ते जगभर गाजलं. मग एका डच माणसाच्या हाती चरणजितसिंगांची जुनी तबकडी लागली आणि २०१० साली ती नव्यानं निघाली. लोक त्यांना शोधत मुंबईच्या घरी गेले. म्हातारपणी ते परदेशातल्या मंचांवर वाजवून आले. २०१५ साली ते वारले.

लोक त्यांच्यापर्यंत पोचले कसे? तबकडीवर त्यांचं नाव छापलेलं होतं म्हणून.

आता दुसरी गोष्ट ऐका. प्रशांत महासागरात सॉलोमन नावाची बेटं आहेत. तिथल्या अफुनाक्वा नावाच्या बाईनं १९७०च्या सुमारास एक अंगाई म्हटली. आईबाप गेलेल्या लहानग्याला थोरलं भावंड उगी करतं, असं ते गाणं. ह्यूगो झेम्प नावाच्या अभ्यासकानं ते टेपवर घेतलं आणि युनेस्कोच्या तबकड्यांत ते आलं. १९९२ साली डीप फॉरेस्ट या फ्रान्सच्या जोडीनं त्या आवाजाचं सॅम्पल घेतलं, त्याला मशीनचा ताल लावला आणि 'स्वीट ललबाय' नावाचं सिंगल काढलं. ते तुफान चाललं. ज्या संग्रहात ते होतं, त्याच्या लाखो प्रती खपल्या. जाहिरातींतही तो आवाज वाजला. पण ऐकणाऱ्यांना वाटलं, हे आफ्रिकेच्या जंगलातलं गाणं आहे. बेट कुठलं, बाई कोण, याचा त्यांना पत्ताच नव्हता. झेम्पनी जाहीरपणे तक्रार मांडली, तोवर गाणं जगभर फिरून आलं होतं.

बघा, आवाज सात समुद्रापार गेला, पण जिचा होता तिचं नाव मागेच राहिलं.

हे आपल्यालाही लागू आहे. लग्नात, डोहाळजेवणात, गटाच्या मेळाव्यात कुणीतरी मोबाईल पुढे धरतं आणि म्हणतं, "मावशी, एक ओवी म्हणा की." मावशी म्हणतात. पुढे ती ओवी कुठे जाते, ते मावशींना कळत नाही.

हेच काम नीट कसं करावं, याचं उदाहरण आपल्या शेजारीच आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावी माणसं जोडून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. १९९६ साली माजलगावच्या भीमनगरातल्या बायांनी बाबासाहेबांवर म्हटलेल्या ओव्याही त्यांत आहेत. आज हा ठेवा पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया या संस्थेकडे आहे. त्यात ओवीबरोबर गाणारणीचं नाव आणि गाव लिहिलेलं असतं.

तुम्ही म्हणाल, ओवी तर आजीकडून आली, आजीला तिच्या आजीकडून. मग हक्क कसला सांगायचा? शब्दांचं ते खरंच आहे. परंपरेची ओवी सगळ्यांची. पण ती तुमच्या गळ्यातून निघाली, की ते गाणं म्हणणं तुमचं असतं. १९५७चा कॉपीराइट कायदा याला कलाकाराचा हक्क म्हणतो. त्या कायद्याच्या यादीत गायक, नाचणारे, डोंबारी, जादूगार, इतकंच काय, गारुडीही आहे. मग जात्यावर गाणारी बाई त्यात नसेल कशी? तुमच्या परवानगीशिवाय ते गाणं ध्वनिमुद्रित करून बाजारात आणता येत नाही. हा हक्क ५० वर्षं टिकतो. २०१२च्या दुरुस्तीनंतर धंद्यासाठी वापर झाला, तर गाणाऱ्याला रॉयल्टी मिळण्याचा हक्क आहे. आपलं नाव सांगितलं जावं आणि आवाजाची मोडतोड करून आपल्या अब्रूला धक्का लावू नये, हाही हक्क आहे.

पण कायदा आपल्या पायानं दारात येत नाही. आणि एकदा मोबाईलवर पसरलेलं गाणं परत गोळा करणं म्हणजे सांडलेलं पीठ वाऱ्यात वेचणं. म्हणून बोलायचं ते आधीच. रेकॉर्डिंगला माणूस आला, की विचारा: हे कशासाठी हवं? कुठे लावणार? माझं नाव आणि गाव सांगणार का? पैसे मिळाले तर माझा वाटा किती? जे ठरेल ते कागदावर घ्या, कागदाची प्रत स्वतःकडे ठेवा. वाचता येत नसेल, तर गटातल्या पोरीकडून वाचून घ्या. "सगळे हक्क कायमचे दिले" असं लिहिलेलं असेल, तर अंगठा उचलून धरा.

मशीनशी आपलं वैर नाही. तुमच्या ओवीला नवा ताल मिळाला आणि नातवंडं त्यावर नाचली, तर आम्हालाही आनंदच आहे. फक्त त्यांना कळलं पाहिजे, की हा आवाज आपल्या आजीचा आहे.

तेव्हा येत्या बैठकीत हप्त्यांचा हिशेब झाला, की वहीचं एक कोरं पान उघडा. गटात ओव्या कोण कोण म्हणतं, तिचं नाव, गाव, आणि ओवी कुणाकडून शिकली, ते लिहून तारीख टाका. ऊसतोडीला गेलेल्या बायांची नावं विसरू नका. त्या परत आल्या, की त्यांच्या ओव्याही लिहून घ्या.

आज इतकंच. नमस्कार.