कपाटातले पुस्तक आणि अंगणातले मूल



दिवसभराचा उकाडा सोसून संध्याकाळी व्याख्यानाला येऊन बसायचे ही पुण्याची फार जुनी सवय आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून वसंत ऋतू आला की पुणेकराला आंबा आणि व्याख्यान या दोन गोष्टी लागतात. त्यांपैकी आंबा महाग झाला, व्याख्यान अजून फुकट आहे. परंतु आज आरंभीच आम्हांला एका निराळ्या गोष्टीची आठवण करून द्यावयाची आहे. आपण येथे बसलो आहोत त्याच दिवसांत खेड्यापाड्यांतल्या शाळांना सुटी आहे. शाळेला सुटी म्हणजे शाळेतल्या पुस्तकांच्या कपाटालाही सुटी. ते आता जूनच्या मध्याला उघडेल, आणि उघडेलच असेही नाही. मुलाला वर्षातून ज्या दिवसांत सर्वांत अधिक मोकळा वेळ असतो, नेमक्या त्याच दिवसांत पुस्तक कुलपात असते. खेड्यातल्या मुलांना वाचनाची गोडी कशी लावावी, असा विषय आम्हांला दिला आहे. आमचा अनुभव असा की, गोडीचा प्रश्न पुढचा आहे. आधी कुलपाचा आहे.

हे शहाणपण आम्हांला उपजत नव्हते. आम्ही नारायण पेठेतली पाचसात माणसे. त्यांत दोन निवृत्त शिक्षिका, एक बँकेतले गृहस्थ, एक पुस्तकबांधणीचे काम करणारे. या पेठेत राहून पुस्तकांचा सहवास टाळता येत नाही. १९११ साली स्थापन झालेले पुणे मराठी ग्रंथालय येथे आहे, केसरीवाड्यातले ग्रंथालय येथे आहे, आणि थोडे पुढे गेले की अप्पा बळवंत चौकात पायाखाली पुस्तके. साहजिकच आम्हांला वाटले की, आपल्याकडे पुस्तके आहेत, मुळशीकडच्या डोंगरातल्या वाडीत ती नाहीत. येथून उचलून तेथे ठेवली की काम झाले. घरोघर फिरून आम्ही दीडशे पुस्तके जमा केली. वाडीच्या शाळेत छोटा समारंभ झाला, नारळ फुटला, कपाटाला हार घातला, आणि आम्ही समाधानाने परत आलो.

वर्षाने गेलो. कपाट होते. पुस्तकेही होती, एकूण एक, आम्ही दिली तशीच. एकाही पुस्तकाचा कोपरा दुमडलेला नव्हता. कित्येकांची पाने आतून चिकटलेली होती, कारण पावसाळ्यातली ओल कपाटात शिरली होती आणि कोणी ती उलगडली नव्हती. आम्ही जरा रागानेच गुरुजींना विचारले. गुरुजी भला माणूस. त्यांनी साठा नोंदवही पुढे ठेवली आणि म्हणाले, "साहेब, तपासणीला आले की आधी पुस्तके मोजतात. कमी भरली तर माझ्याकडून घेतात. किती वाचली हे आजवर कोणी विचारले नाही." या वाक्याला आमच्याजवळ उत्तर नव्हते, आणि आजही नाही.

कायद्याकडे पाहिले तर उणे काही दिसत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला ग्रंथालय असावे, त्यात वर्तमानपत्रे, मासिके आणि गोष्टींची पुस्तकेसुद्धा असावीत, असे स्पष्ट लिहिले आहे. महाराष्ट्राने १९६७ सालीच सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला; अ, ब, क, ड असे वर्ग पाडून अनुदाने दिली. कायद्याने कपाट दिले. पण कपाटापासून मुलाच्या हातापर्यंतचे अंतर कोणी चालावयाचे, हे कायद्यात लिहिता येत नाही. २०२४ सालच्या असर पाहणीत ग्रामीण भारतातली पाचवीची मुले तपासली, तेव्हा त्यांच्यापैकी ४८.८ टक्के मुलांना दुसरीच्या पुस्तकातला उतारा वाचता आला. म्हणजे निम्म्याहून अधिक मुलांना पाचवीत येऊनही तो आला नाही. त्या मुलांपुढे दीडशे कोरी पुस्तके ठेवून आम्ही त्यांच्यावर कोणते उपकार केले होते?

तेव्हा आम्ही नवे काही शोधण्याऐवजी जुने आठवू लागलो, आणि गंमत अशी की, दोन्ही जुन्या गोष्टींच्या वाटा या पेठेवरूनच जातात.

पहिली गोष्ट बडोद्याची. लोकमान्यांनी १९०५ साली घेतलेला येथला वाडा मूळचा बडोदेकर गायकवाडांचा, म्हणून तो गायकवाडवाडा. त्याच सयाजीराव महाराजांनी १९०६ साली आपल्या सबंध राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. पण त्यांची दृष्टी तेवढ्यावर थांबली नाही. मूल चार वर्षे शिकले आणि मग वाचायला काहीच मिळाले नाही, तर ते शिकलेले विसरणार, हे त्यांनी ओळखले. १९१० साली त्यांनी अमेरिकेहून विल्यम बॉर्डन नावाचा ग्रंथपाल आणविला आणि राज्यभर ग्रंथालयांचे जाळे विणले. त्या जाळ्यातली आम्हांला भावलेली वस्तू म्हणजे फिरती पेटी. मोजक्या पुस्तकांची लाकडी पेटी गावी जायची, काही काळ राहायची आणि दुसऱ्या गावी निघायची. पुढे १९३१ साली तिकडे दक्षिणेत मन्नारगुडीला बैलगाडीतून ग्रंथालय हिंडू लागले, तेही याच जातीचे. कपाट एकदा भिंतीला टेकले की भिंतीचे होते. पेटी ही जाणारी वस्तू आहे. ती जाणार म्हटल्यावर तिच्याकडे लक्ष जाते.

दुसरी गोष्ट अनुताई वाघांची. अनुताईंचा जन्म १९१० सालचा, आपल्या जिल्ह्यातल्या मोरगावचा. लहानपणी लग्न झाले आणि काही महिन्यांतच वैधव्य आले. लक्ष्मी रस्त्यावरच्या हुजूरपागेत त्या शिक्षिका होत्या, आणि दिवसा शिकवून रात्रीच्या शाळेत जाऊन त्या मॅट्रिक झाल्या. १९४५ साली ताराबाई मोडकांबरोबर त्या बोर्डीला गेल्या, पुढे कोसबादच्या टेकडीवर गेल्या, आणि १९९२ साली देह ठेवीपर्यंत ते काम त्यांनी सोडले नाही. येथली बरी नोकरी टाकून जाण्याचे धैर्य मोठे खरेच. पण आम्हांला त्याहून मोठे वाटते ते तेथे गेल्यावर त्यांनी हार कशी पचविली ते. बालवाडी काढली, तर वारल्यांची मुले येईनात. कशी येणार? कोणाच्या कडेवर धाकटे भावंड, कोणाच्या मागे गुरे. दुसऱ्या कोणी म्हटले असते की, या लोकांना शिक्षणाची किंमत नाही. ताराबाई आणि अनुताई यांनी शाळा उचलली आणि पाड्यावरच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणावर शाळा भरविली, तिला कुरणशाळा म्हटले. माँटेसरी पद्धतीची महागडी साधने परवडणारी नव्हती, तेव्हा शंख, शिंपले, बिया, पाने, खडे, बांबूचे तुकडे यांवर मुले मोजायला आणि रचायला शिकली. १९७५ साली सरकारने एकात्मिक बाल विकास योजना काढली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. शब्द गेला, त्यातले अंगण किती ठिकाणी शिल्लक राहिले, हा प्रश्न निराळा.

या दोन गोष्टी जोडून आम्ही पुन्हा वाडीत गेलो. या वेळी कपाट नाही, एक पत्र्याची ट्रंक. पुस्तके दीडशे नव्हेत, चाळीस. ट्रंक शाळेत न ठेवता देवळासमोरच्या पारावर उघडली. आणि गुरुजींना आधीच सांगितले की, ही पुस्तके तुमच्या नोंदवहीत नाहीत, यांचे काय व्हायचे ते आमच्या माथी. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला आम्ही पाहिला. पुढे सर्वांत मोठ्याने गोष्ट वाचणारे तेच निघाले.

तरीही पहिल्या दिवशी कोणी पुस्तक घरी नेईना. मुले जवळ येत, चित्रे पाहत, आणि ठेवून देत. कारण एका माउलीने सांगितले. ती पाण्याची कळशी खाली ठेवून म्हणाली, "बाई, पोरानं फाडलं तर पैसं मागाल का?" गुरुजींना साठा नोंदवहीचे भय, आणि हिला आमचे. भय एकच. त्या दिवशी आम्ही मोठ्याने जाहीर केले की, फाटलेले पुस्तक आणून द्यावे, आम्ही ते शिवू. पुढच्या खेपेला आमच्या बांधणीवाल्या स्नेह्यांनी दाभण, दोरा आणि खळ बरोबर आणली, आणि पारावर बसून मुलांच्याच हातांनी पुस्तके शिवून घेतली. पुस्तक कसे बांधलेले असते हे ज्याने एकदा पाहिले, ते मूल पुस्तकाला भीत नाही. आमच्या चाळीसांपैकी नऊ पुस्तके वर्षात खिळखिळी झाली, दोन परत आलीच नाहीत. आम्ही हा हिशेब तोट्याचा मानीत नाही.

मोठ्याने वाचून दाखविणे हे या कामाचे अर्धे अंग आहे. ज्याला अक्षर लागत नाही, त्याला गोष्ट लागते. ऐकून पाठ झालेली गोष्ट मूल पुस्तकात बोट ठेवून 'वाचू' लागते. आपल्याला वाटते ते सोंग आहे. वास्तविक वाचनाचा आरंभ तोच. निवडीत मात्र आम्ही चुकलो होतो. घराघरांतून जमा केलेल्या पुस्तकांत परीक्षेची मार्गदर्शके होती, आरोग्यावरची पुस्तके होती, एका गृहस्थांनी तर जुन्या आयकराची पुस्तिका दिली होती! दान आणि रद्दी यांतला फरक आपण पुणेकरांनी समजून घेतला पाहिजे. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे मात्र तेथे धावला. एक मुलगा पहिल्याच पानाला थांबला आणि म्हणाला, "फुरसुंगी? तिथं माझी मावशी हाय." पुस्तकात आपल्या मावशीचे गाव असू शकते, ही गोष्ट त्याला त्या दिवशी कळली. मराठी बालवाङ्मयात अशी गावे अजून फार थोडी आहेत, ही आमची तक्रार आहे. १९०६ साली वासुदेव गोविंद आपट्यांनी 'आनंद' मासिक काढले तेव्हापासून मोजले, तर आपण शंभराहून अधिक वर्षे मुलांसाठी लिहीत आहोत. पण आवणीच्या चिखलात उभी असलेली मुलगी त्यात किती वेळा भेटते?

मग ती मुलगी स्वतःच लिहील, असे आम्ही ठरविले. सिल्व्हिया ॲश्टन-वॉर्नर या न्यूझीलंडमधल्या शिक्षिकेने माओरी मुलांना त्यांच्याच मनातल्या शब्दांपासून वाचायला शिकविले होते; तिचे पुस्तक १९६३ साली निघाले. आम्ही तेच आमच्या परीने केले. मुलाने सांगावे, आम्ही मोठ्या अक्षरात लिहावे, त्याने चित्र काढावे, आणि चार पाने शिवून ते पुस्तक ट्रंकेत जावे. दुसरीतल्या एका मुलीने सांगितलेले पुस्तक असे होते: "आमची म्हस वढ्यात फसली. बा म्हनला कासरा आन. मी आनला. म्हस निघाली. माझी चप्पल नाय निघाली." एवढेच. हे पुस्तक वाडीत सर्वांनी वाचले. त्या मुलीच्या वडिलांनी, ज्यांना आम्ही कधी वाचताना पाहिले नव्हते, ते दोनदा वाचले.

यावरून आमच्यात भांडणही झाले. आमच्या एका शिक्षिकाबाईंचे म्हणणे, 'आनला' असे लिहून आपण मुलांचे नुकसान करतो. उद्या परीक्षेत त्यांचे गुण कापले जातील, आणि ते कापणारे आपल्यातलेच असतील. दुसऱ्या म्हणतात, पहिल्याच वाक्याला लाल शाई लागली, तर दुसरे वाक्य येणारच नाही. सध्या आम्ही आधी बोलीत लिहितो, आणि मूल ते सहज वाचू लागले की त्याच्याकडूनच शेजारच्या पानावर पुस्तकी भाषेत लिहून घेतो. वाद मिटलेला नाही. दोघींचे म्हणणे खरे आहे.

घरोघरच्या मोबाइलविषयी आम्हांला हटकून विचारतात. आम्ही त्याच्याशी वैर धरलेले नाही. बालभारतीचे 'किशोर' १९७१ साली निघाले, त्याचे जुने अंक आता तिच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. आम्ही ते पारावर उघडून वाचले आहेत. मात्र मोबाइल वडिलांचा असतो आणि वडिलांबरोबर कामाला जातो. ट्रंक वाडीतच राहते.

आता मागणे. पुस्तके नकोत, पुस्तके पुष्कळ आहेत. ट्रंका तीन झाल्या आहेत आणि वाड्या पाच, तेव्हा आम्हांला माणसांचे रविवार हवे आहेत, तेही याच सुटीतले, कारण पाऊस पडून आवणी सुरू झाली की मुले खाचरात असतील आणि महिनाभर पारावर कोणी भेटणार नाही. ज्यांना मोठ्याने, न लाजता, आवाज बदलून गोष्ट वाचता येते त्यांनी यावे. ज्यांना तसे वाचता येत नाही त्यांना आम्ही शिवणकामाला बसवू. आमचे बांधणीवाले स्नेही आता थकले आहेत, आणि त्यांच्यापुढे सतरा पुस्तके पडून आहेत. म्हशीचे पुस्तकही त्यातच आहे, त्याची पाने सुटली आहेत, आणि त्या मुलीचा दोनदा निरोप आला आहे की, माझे पुस्तक कधी आणता?