आण्याची हळद



गेल्या मे महिन्यात मुंबईहून नातवंडं आली होती. त्यांच्यासाठी माळ्यावरची जुनी ट्रंक खाली काढली, तेव्हा तिच्या तळाशी एक वही सापडली. पुठ्ठा कसरीनं खाल्लेला, पण आतली पानं शाबूत. माझ्या थोरल्या बहिणीनं, आमच्या ताईनं, ठेवलेला घरखर्चाचा हिशेब होता तो. १९५७च्या जानेवारीपासून पुढची तीन-चार वर्षं. नातू सातवीत आहे. तो मोठ्यानं वाचत सुटला. चहाची पुडी, एक आणा. पोस्टकार्ड, पाच नवे पैसे. तांदूळ एक पायली, पावणेदोन रुपये. मग वही मिटून त्यानं मला विचारलं, ‘आजोबा, एवढं सगळं स्वस्त होतं, तर तुम्ही गरीब कसे होतात?’

आमच्या पिढीतली माणसं जमली की स्वस्ताईच्या गोष्टी निघतात. आण्याला चहा मिळायचा, रुपयात पिशवी भरून बाजार यायचा, असं आपण सांगतो आणि ऐकणाऱ्याला वाटतं की ते रामराज्य होतं. नातवाला मी त्या वेळी नीट उत्तर दिलं नाही. आज ती वही समोर ठेवूनच बोलतो आहे.

आमचं गाव रत्नागिरी शहरापासून तीन-साडेतीन मैलांवर. वडील मुंबईला गिरणीत. तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यात आजचा सिंधुदुर्गही होता, तो १९८१ साली वेगळा झाला. या अख्ख्या जिल्ह्यात घरटी एक तरी माणूस मुंबईला असायचाच. भात शेतात पिकायचं, पण ते वर्षभर पुरायचं नाही. बाकीचं वर्ष मनिऑर्डरवर निघायचं. वहीत दर महिन्याच्या पानावर सगळ्यात वर ठळक अक्षरात लिहिलेलं आहे : ‘मनिऑर्डर, रुपये ३०.’ आई, आजी आणि आम्ही तीन भावंडं यांचा मीठ-मिरचीपासून औषधापर्यंतचा सगळा खर्च त्या तिसात बसवायचा. सोन्याचा भाव तेव्हा तोळ्याला शंभराच्या थोडा वर होता. आज दहा ग्रॅमचा भाव लाखाच्या पुढे गेलाय, म्हणून आपण ‘अरे, शंभर रुपये तोळा!’ म्हणतो. पण आमच्या घरी ते तीन महिन्यांच्या मनिऑर्डरींपेक्षा जास्त होते.

आईला लिहिता-वाचता येत नव्हतं. पोस्टमन पैसे मोजून द्यायचा, आई अंगठा उठवायची आणि म्हणायची, ‘बाय, लिही गो.’ ताई तेव्हा चौदा वर्षांची होती. ती लिहायची.

वहीतली पहिली तीन महिन्यांची पानं रुपये, आणे, पै अशी आखलेली आहेत. मग १ एप्रिल १९५७ला रकाने बदलतात. त्या दिवशी देशात दशमान नाणी सुरू झाली. त्याआधी रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे आणि पैशाच्या तीन पै, म्हणजे रुपयाला चौसष्ट पैसे. आता रुपयाला शंभर ‘नवे पैसे’ झाले. जुन्या पैशाशी गोंधळ होऊ नये म्हणून मागे ‘नवे’ लावलं होतं, ते १९६४ साली गळलं. पोस्टानं आणि रेल्वेनं पहिल्या दिवसापासून नवा हिशेब धरला. बाजारात मात्र बराच काळ दोन्ही नाणी चालत होती. गल्ल्यात भोकाचा पैसा, घोड्याचा पैसा, चौकोनी चवली आणि कातरलेल्या काठाचं नवं दहा पैशांचं नाणं एकत्र पडलेलं असायचं.

पावली म्हणजे पंचवीस नवे पैसे आणि अधेली म्हणजे पन्नास, इथवर कुणाची तक्रार नव्हती. अडचण त्याखाली होती. एका आण्याचे होतात सव्वासहा नवे पैसे. सव्वासहाचं नाणं नाही, म्हणून आण्याचे सहा धरायचे. एका जुन्या पैशाचे होतात दीडाहून किंचित जास्त, त्याचे धरायचे दोन. हा तक्ता सरकारनंच ठरवून दिला होता आणि दुकानादुकानांत लावलेला असायचा.

आता गंमत बघा. गंमत म्हणायची, पण आमच्यासाठी ती गंमत नव्हती. एका पैशाची हळद आणायला गेलं की वाणी दोन नवे पैसे घ्यायचा. एका पैशाचं जिरं, पुन्हा दोन. असा सुटा सुटा चौसष्ट पैशांचा, म्हणजे पूर्वीच्या एका रुपयाचा बाजार केला, तर नव्या हिशेबानं एकशे अठ्ठावीस पैसे मोजावे लागत. रुपयामागे अठ्ठावीस पैसे जास्त! आणि जो माणूस तीच वस्तू आण्याआण्यानं घ्यायचा, त्याला सोळा आण्यांचे शहाण्णवच पडायचे. त्याचे चार पैसे वाचायचे.

हे मला कुणा मास्तरांनी सांगितलेलं नाही. ताईनं त्या वहीच्या मागच्या पानावर हा सगळा हिशेब मांडला आहे आणि खाली लिहिलं आहे : ‘पैशाची हळद आणू नये. आण्याची आणावी.’

ती वाण्याशी भांडायचीसुद्धा. हळद, जिरं, मोहरी, मेथी असं पैशापैशाचं चार जिनसांचं सामान घेतलं की वाणी प्रत्येकाचे दोन धरून आठ सांगायचा. ताई म्हणायची, ‘आधी आण्यांत बेरीज करा, मग नवे पैसे करा. चार पैशांचा आणा झाला, आण्याचे सहा.’ वाणी आढेवेढे घ्यायचा, पण शेवटी सहा घ्यायचा. दुकानात उभी असलेली माणसं बघत राहायची.

पण आण्याची हळद एकदम आणायला हातात आणा लागतो. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तो असायचा, शेवटच्या आठवड्यात नसायचा. वहीत ते स्वच्छ दिसतं. वीस तारखेपर्यंत आण्याच्या नोंदी आहेत, त्यानंतर दोन-दोन नव्या पैशांच्या. नातवाच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथंच आहे. वस्तू स्वस्त होती. पैसा महाग होता. आणि ज्याच्याकडे कमी पैसा, त्याला ती स्वस्त वस्तूही महाग पडत होती.

बरं, स्वस्ताई तरी कुठं टिकून होती? १९५७ साली धान्याचे भाव असे चढले की केंद्र सरकारला अशोक मेहतांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमावी लागली. त्याआधीच्या वर्षी अमेरिकेशी गव्हाचा करार झाला होता, पी.एल. ४८० म्हणतात तो. तिकडे गव्हाची कोठारं भरून वाहत होती आणि जास्तीच्या धान्याचं करायचं काय, ही त्यांची चिंता होती. इकडे आमची आजी परका गहू हातात घेऊन म्हणायची, ‘ह्याची पेज होते काय?’ भाताच्या मुलखात रोजची चपाती कुणाला ठाऊक होती?

करमणुकीचा रकाना वहीत फार रिकामा आहे, पण त्यावरून आम्ही उदास होतो असं समजू नका. शिमग्याला नमन-खेळे व्हायचे, त्याला तिकीट नव्हतं. गणपतीत चाकरमानी यायचे आणि एखादं नाटक बसवून जायचे. तंबूतला सिनेमा आला की जमिनीवर बसायला चार आणे. वर्षातून एकदा ती चैन वहीत नोंदलेली सापडते. गावात वीज नव्हती. बॅटरीवरचा रेडिओ एकाच घरात. बुधवारी रात्री आठ वाजता त्यांच्या पडवीत अर्धी वाडी जमायची. रेडिओ सिलोनवर अमीन सायानींचा आवाज आला की पोरं चिडीचूप. तेव्हाचे नभोवाणीमंत्री बाळकृष्ण केसकर यांना सिनेसंगीत फारसं मानवत नसे, म्हणून आपल्या देशातली गाणी आम्ही परदेशातून ऐकायचो. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ला विविध भारती सुरू झाली.

दुसऱ्याच दिवशी रशियानं स्पुटनिक सोडला. ही बातमी त्याच पडवीत ऐकली आणि पुढे कितीतरी रात्री आम्ही सड्यावर उताणे पडून आभाळात फिरणारी चांदणी शोधत होतो. नोव्हेंबरात लायका कुत्री अंतराळात गेली, तेव्हा वाडीतल्या एका भुऱ्या कुत्रीचं नाव लायका पडलं.

मुंबईची वर्तमानपत्रं शिळी होऊनच यायची. उघडिपीत बोट यायची. ती बाहेर समुद्रात उभी राहायची आणि माणसं, टपाल, सामान होड्यांतून किनाऱ्याला लागायचं. पावसाळ्यात बोट बंद. मग सगळी भिस्त एसटीवर आणि घाटात दरड न कोसळण्यावर. अत्र्यांचा ‘मराठा’ हातोहात फिरून चिंध्या होईपर्यंत वाचला जायचा. संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते ते. १९५७च्या निवडणुकीत रत्नागिरीतून प्रेमजीभाई आसर आणि राजापुरातून नाथ पै, असे समितीच्या बाजूचे दोघेही लोकसभेवर गेले. मुंबईत गोळीबार झाल्याची बातमी आली की आमच्याकडे राजकारणाची चर्चा नंतर व्हायची. आधी सगळ्या बायका पोस्टमनची वाट बघत बांधावर उभ्या राहायच्या. घरोघरचा माणूस गिरणगावात होता. बातमी म्हणजे आमच्यासाठी आपल्या माणसाची खुशाली.

आता वहीतलं एक पान सांगतो. १९५७चा जून.

मे महिन्यात पावसाळ्याची बेगमी झाली होती. तांदूळ, मीठ, सुकी मासळी, रॉकेल. त्यात मेची मनिऑर्डर संपलेली. ताई नुकतीच सातवीची फायनल पास झाली होती. गावची शाळा तिथंच संपायची. पुढं आठवीला शहरातलं हायस्कूल, महिन्याला पाच रुपये फी, शिवाय पुस्तकं. वडिलांनी एप्रिलच्या पत्रात लिहिलं होतं, ‘जूनला थोडे जास्त पाठवतो. तिचे नाव घाला.’

त्या उन्हाळ्यात आशियाई फ्लूची साथ जगभर पसरत होती. आपल्याकडे ती मे महिन्यात आली आणि मुंबईत चाळीच्या चाळी आजारी पडल्या. वडीलही पडले. खाडा म्हणजे बिनपगारी. हे आम्हाला कळलं ते उशिरा, कारण बोट बंद झालेली आणि पावसानं टपाल रखडलेलं. ताई रोज पोस्टमनच्या वाटेवर जाऊन उभी राहायची. जूनच्या पानावर वर फक्त ‘मनिऑर्डर’ एवढंच लिहिलेलं आहे. पुढं आकडा नाही. खाली सगळ्या नोंदी दोन-दोन पैशांच्या.

नाव घालायची मुदत गेली. वडील बरे झाले, जुलैत पैसेही आले, तेव्हा सगळे म्हणाले, ‘पुढच्या वर्षी बघू.’ पुढच्या वर्षी आजी आजारी होती. त्याच्या पुढच्या वर्षी, १९५९च्या जूनमध्ये, मी सातवी पास झालो. त्या पानावर ताईच्याच अक्षरात आहे : ‘भाऊची फी, रुपये ५.’ भाऊ म्हणजे मी.

मी शिकलो, शिक्षक झालो, छत्तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालो. रुपांतराच्या त्या तक्त्याचं उदाहरण कितीतरी वेळा वर्गात दिलं. ते ताईचं आहे, हे वर्गात कधी सांगितलं नाही.

नातवाला मी हे सगळं सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘आपण वही तिला दाखवू या ना.’ ताईनं ब्याऐंशी ओलांडली आहे, चिपळूणला मुलीकडे असते. आम्ही गेलो. तिनं चष्मा लावला आणि रकान्यावरून बोट फिरवत खाली आली. एका पानावर थांबून म्हणाली, ‘इथं बेरजेत दोन पैसे चुकलेत माझे.’ मी जूनचं पान काढलं. इतक्या वर्षांत न विचारलेलं विचारलं, ‘ताई, तुला तेव्हा राग आला होता?’

‘आला होता तर,’ ती म्हणाली. ‘वर्षभर तुझ्या पुस्तकांना हात लावला नाही मी. मग एक दिवस तू शाळेत गेल्यावर बीजगणिताचं उघडलं. तेवढं सोपं होतं रे.’

तिथं कुणी काही बोललं नाही. निघताना मी वहीसाठी हात पुढे केला. तिनं ती दिली नाही. ‘राहू दे माझ्याकडे,’ म्हणाली आणि उशाशी ठेवली. आज तुमच्यासमोर बोलण्यासाठी म्हणून दोन दिवसांपुरती मागून आणली आहे. उद्या परत द्यायची आहे.



(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)